मान हलवा, नजर हलवू नका

४ मार्च, सकाळ
आजपासून फिजिओथेरपी. खरं तर गरज नाही. महिन्यापूर्वी गाडीतून स्टेपनी काढताना डिकीचं झाकण डोक्यावर आपटलं. टेंगूळ आलं, गेलं. स्कॅनमध्ये काही निघालं नाही. तरी डॉक्टर म्हणतात, मेंदूला हादरा बसलाय, तो स्कॅनमध्ये दिसत नसतो. म्हणजे जे दिसत नाही त्यावर उपचार घ्यायचे.
निश्चय: महिनाअखेरीला ठणठणीत. एक एप्रिलला ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायला हजर. तोवर मेहुणा सांभाळतोय. सांभाळतोय म्हणजे विद्यार्थी बिघडवतोय.

४ मार्च, दुपार
फिजिओ म्हणजे आमच्या मुलीच्या वयाची पोरगी. भिंतीवर एक अक्षर चिकटवलंय. त्यावर डोळे रोखायचे आणि मान डावी-उजवीकडे हलवायची. नजर हलवायची नाही. अर्धं आयुष्य लोकांना आरशात बघायला मान वळवा म्हणून ओरडलो, आता ही मला मान वळवायला शिकवतेय.
अक्षर हललं. मी सांगितलं, चिकटपट्टी सैल झालीय. तिने दाबून पाहिली. घट्ट आहे म्हणाली.
मग एका रेषेवर पावलाला पाऊल टेकवत चाललो. दोनदा भिंत धरली. क्लिनिकची फरशी उताराची आहे. बांधणाऱ्याचा हलगर्जीपणा, दुसरं काय.
त्रास दहापैकी किती, असं विचारते. शून्य म्हटलं. घरी येऊन संध्याकाळपर्यंत झोपलो. ऊन फार होतं.

७ मार्च
व्यायाम घरी रोज करायचे आहेत. थोडे करायचे, डोकं जड झालं की थांबायचं, पुन्हा करायचे. हे थांबणं मला पटत नाही. घाटात गाडी गरम झाली तरी आपण पुढे नेतोच. (नेत नाही. पण उदाहरण म्हणून.)
सलग केले. उलटी झाली. सकाळचं दूध नासकं होतं. बायको म्हणते तेच दूध तीही प्यायली.

१० मार्च
स्वयंपाकघरातली ट्यूब फडफडते. इलेक्ट्रिशियन बोलावला. त्याने बराच वेळ मान वर करून पाहिलं आणि ट्यूब चांगली आहे म्हणाला. बायकोने त्याला चहा दिला आणि दारात काहीतरी हळू आवाजात सांगितलं. आजकाल कुणाला काम येत नाही आणि शिकायलाही नको.

१३ मार्च
बायको शिवणकाम करते. इतकी वर्षं ते मशीन चालूच आहे, मला कधी ऐकूही आलं नव्हतं. आज कवटीत खिळे ठोकल्यासारखं वाजत होतं. बोललो थोडं. जास्तच बोललो असेन. तिने पाय थांबवला आणि कापड उचललं.
दुपारी मशीन शेजारणीकडे हलवलं. बरंच झालं. तिलाही सोबत हवीच होती. घर एकदम शांत आहे. इतकं शांत असतं हे माहीत नव्हतं.

१८ मार्च
फिजिओ विचारत होती, झोप कशी, चिडचिड किती, गर्दीत कसं वाटतं. सगळं उत्तम म्हटलं. ती माझ्याकडे बघत राहिली. शिकाऊ विद्यार्थी ‘सर, घरी प्रॅक्टिस केली’ म्हणतो तेव्हा मी असाच बघतो.
मोबाइल आणि टीव्ही अजून कमी करा म्हणाली. गाडीचं नाव काढू नका म्हणाली. चालायला जा, रोज थोडं थोडं वाढवत. मी एकदम बाजारापर्यंत गेलो. येताना एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो. लोकांची वर्दळ बघायला बरं वाटतं.

२४ मार्च
मेहुणा भेटायला आला. म्हणाला, दाजी, घाई नको. मी त्याला क्लास कसा घ्यायचा ते समजावलं. आधी उजवं पेडल, मग मधलं, मग डाव्या पायाखालचं ते. नाव लिहायची गरज नाही, मला माहीत आहे. त्यालाही माहीत होतं, त्यानेच सांगितलं. बायको तेवढ्यात उठून आत गेली.

२७ मार्च
लिहीत नाही. ओळी एकावर एक चढतायत. पेनात दोष.

१ एप्रिल, सकाळ
ठरल्याप्रमाणे हजर! योग असा की मेहुण्याला ताप आलाय, आणि लायब्ररीवाल्या बाईंची लायसन्सची टेस्ट तोंडावर आलीय. या बाई ग्रंथपाल आहेत. टेस्टला अनेकदा नापास. स्टिअरिंग असं धरतात की जणू विहिरीत पडल्या आहेत आणि तोच दोर आहे. त्यांना माझ्याशिवाय कोण पास करणार? बायको शेजारणीकडे शिवत बसलीय. सांगून कशाला काळजीत टाका. मी शेजारच्या सीटवर बसणार, माझ्या पायाशी वेगळा ब्रेक. गाडी थोडीच चालवतोय?

१ एप्रिल, संध्याकाळ
जमेल तसं लिहितो.
गोल चौकापर्यंत ठीक होतं. नेहमीसारखं सांगत होतो, आरसा, इंडिकेटर, आरसा. बाईंनी चौकाला वळसा घातला. गाडी सरळ झाली, पण इमारती फिरतच राहिल्या. मला वाटलं गाडी दुकानांवर चाललीय. सगळा जोर लावून ब्रेक दाबला. मागचा स्कूटरवाला आम्हाला चुकवायला गेला आणि फुटपाथवर आडवा झाला. त्याची लहान मुलगी स्कूटरवर पुढे उभी होती. तिला लागलं नाही. तिला लागलं नाही. त्याचं कोपर सोललं. तो मला खूप बोलला. मला त्यातलं काही नीट कळलं नाही, नुसतं त्याचं तोंड हलताना दिसत होतं.
बाईंनी त्याची माफी मागितली. चूक माझी आहे, मी शिकाऊ आहे, असं सांगितलं. मी ऐकत होतो. मी ते खोडून काढलं नाही.
मग त्यांनी मला हात धरून मागच्या सीटवर बसवलं आणि गाडी सुरू केली. घर कुठल्या बाजूला, सर, असं विचारलं. मी बाहेर बघितलं. याच रस्त्यावर मी शेकडो लोकांना रिव्हर्स शिकवलाय. मला डावीकडे की उजवीकडे ते सांगता येईना.
त्यांनी माझ्या फोनवरून बायकोला फोन लावला. ती रस्ता सांगत गेली, त्या चालवत आल्या. गिअर एकदाही करकरला नाही.
बायको फाटकात उभी होती. बोटात शिवणाचं अंगुस्तान तसंच. मला वाटलं ओरडेल. तिने दार उघडलं आणि विचारलं, “मी कोण आहे, ते तरी आठवतंय ना?”
आठवत होतं.

३ एप्रिल
क्लिनिकमध्ये बायको सोबत आली. मी वाटेत सगळी कारणं तयार केली होती. बाईंचा क्लच, चौकाची रचना, उपाशीपोट. फिजिओने एकही विचारलं नाही. बायकोनेच सांगितलं, दूध, ट्यूब, मशीन, सगळं. मग फिजिओ म्हणाली, पहिल्यापासून करू, या वेळी बसून. खुर्ची आणली. मी बसलो. अर्ध्यातच थांबवलं. मला वाटलं काही चुकलं. ती म्हणाली, नाही, थांबणं हाच व्यायाम आहे.

१४ एप्रिल
लायब्ररीवाल्या बाई पास झाल्या. त्यांचा मेसेज बायकोने वाचून दाखवला. खूप आभार मानलेत. पुढे लिहिलंय, “सर, त्या दिवशी तुम्ही मागे बसून काहीच बोलला नाहीत, तेव्हा पहिल्यांदा कळलं की मला गाडी येते.”
अभिनंदन लिहायला फोन हातात घेतला. अक्षरं पोहायला लागली. बायकोला म्हटलं, तू लिही. तिने विचारलं, काय लिहू? मी ‘अभिनंदन’ म्हटलं, मग ‘नको’ म्हटलं. शेवटी तिने तिच्या मनाने काहीतरी लिहून पाठवलं.
काय लिहिलं ते विचारलं नाही.