चौकोन आणि रिकामे गोल

सोमवार, ३ मार्च

पुन्हा चौकोन! दवाखान्याचं पत्रक चार भाषांत, त्यातल्या दोन भाषांच्या जागी नुसते चौकोन. बॉस म्हणतात, "मॅडम, तुम्ही काहीतरी बदललंत." मी! नऊ वर्षं या भाषांतराच्या कचेरीत घासतेय आणि बदललं मी. बदललं त्यांच्या लाडक्या रीस्टार्टने. त्याचं खरं नाव मला आठवत नाही. संगणक दुरुस्तीला येतो, आणि काहीही बिघडलेलं असो, खुर्चीत बसायच्या आधीच म्हणतो, "एकदा रीस्टार्ट करून बघा." पोटात दुखलं तरी स्वतःला रीस्टार्ट करत असेल.

फॉन्ट शेवटी मीच शोधून घातला. दहा मिनिटं लागली. मग त्याला मुद्दाम ऐकवलं — चौकोन दिसला म्हणजे त्या लिपीचा फॉन्टच यंत्रात नाही. अक्षरं दिसतात पण काना-मात्रा सुटून लोंबकळतात, म्हणजे फॉन्ट आहे पण त्याला जोडता येत नाही. रोग दोनच! "हो मॅडम," म्हणाला, आणि रीस्टार्ट केलं.

मंगळवार, ४ मार्च

घरच्या संगणकावरही तोच तमाशा. बाबा दुपारी माझ्या खुर्चीत बसून कळा बडवतात. मेंदूचा झटका आला त्याला सहा आठवडे झाले. वाचा गेली, मान नीट हलत नाही, पेन बोटांत टिकत नाही, कळा मात्र दाबता येतात. पस्तीस वर्षं टायपिस्ट होते, बोटांना सवय. त्यांचा स्वतःचा जुना संगणक दादाने ते दवाखान्यात असतानाच भंगारात काढला. जागा अडते म्हणे! येतो आठवड्यातून अर्धा तास, त्याची कुठली जागा अडली देव जाणे.

तर बाबा बडवतात आणि पडद्यावर उमटतं — ाबक तंउो ्उीो. रिकाम्या गोलांना काना-वेलांट्या चिकटलेल्या. आणि हे सगळं माझ्या उघड्या कामाच्या मधोमध. निवडलं, पुसलं.

गुरुवार, ६ मार्च

दादा-वहिनी आले. वहिनी पर्स मांडीवरून खाली ठेवत नाही, निघायच्या तयारीतच बसते. दादाने बाबांच्या डोक्यावरून माझ्याशी बोलणं चालवलं. "तू दिवसभर बाहेर. तिथे चोवीस तास माणसं असतात. यांना कुठे कळतंय आपण कुठे आहोत ते!"

म्हटलं, हळू बोल, समोर बसलेत.

"अगं, पोहोचतंय का काही?"

वृद्धाश्रम बघूनही ठेवलाय शहाण्याने. गावाबाहेर, दीड तासाच्या रस्त्यावर. मी भांडले. म्हटलं, आधी डॉक्टर काय म्हणतात ते ऐकू. बाबांना समज आहे म्हणाले, तर हा विषय बंद. "बंद," म्हणाला. बुधवारी डॉक्टर घरी येणार.

शुक्रवार, ७ मार्च

घरी एका बैठकीत अकरा फॉन्ट घातले. बाबांची ओळ फाटकी ती फाटकीच. निर्लज्ज यंत्र!

सोमवार, १० मार्च

आज नीट तपासलं. त्यांच्या ओळीखाली त्याच फॉन्टमध्ये मी माझी ओळ टाइप केली. माझी स्वच्छ दिसते. त्यांची गोल आणि लोंबकळत्या मात्रा. म्हणजे फॉन्ट ठणठणीत आहे. बिघडलंय ते दुसरंच.

आणि रोज तीच ओळ! ाबक तंउो. कालही तीच, परवाही. मी पुसायला गेले की माझं मनगट धरतात. आज जरा जोरातच सोडवून घेतलं. "बाबा, पुरे आता!" असं ओरडलेसुद्धा. मी काही देवी नाही. दिवसभर चार भाषांचा कचरा निस्तरायचा आणि घरी येऊन पाचवीचा?

बुधवार, १२ मार्च

डॉक्टर आले. वय असेल तिशीचं, बूट न काढता आत. बाबांच्या नाकासमोर पेन नाचवून बाळाशी बोलावं तसं, "आजोबाऽ, हे काय आहे? सांगा बघू!" बाबांनी नजर भिंतीकडे वळवली. पूर्वी असल्या माणसाला त्यांनी दार दाखवलं असतं. मलाच त्या पेनाने डॉक्टरच्या टाळक्यात मारावंसं वाटत होतं.

मग बाबांनी संगणकाकडे बोट दाखवलं. एकदम आशा वाटली मला! खुर्चीत बसवलं. दोन्ही हात कळांवर, नजर सरळ समोर. टाइप केलं — ाबक तंउो ्उीो. खाली पुन्हा तेच. पुन्हा तेच.

डॉक्टर म्हणाले, "एकच एक, पुन्हा पुन्हा. हे लक्षणच आहे. समज फारशी राहिलेली नाही."

दादा माझ्याकडे बघत होता. जिंकल्यासारखा नाही, हे मात्र खरं. दमलेला दिसला. त्याने वृद्धाश्रमाचा कागद पुढे केला. मी सही केली.

गुरुवार, १३ मार्च

रविवारी दहाला गाडी येणार. मला हलकं वाटलं. इथेच लिहिते, कुणाला सांगायची सोय नाही.

शनिवार, १५ मार्च, दुपारी, कचेरीत

घाईत लिहितेय. अक्षर लागणार नाही, लागू नये.

सकाळी रीस्टार्टने माझं मशीन 'साफ' केलं. मी मूळ कागदाकडे बघत पानभर टाइप केलं, मान वर केली तर गोलच गोल! सुट्या मात्रा! सगळी कचेरी ऐकेल अशी ओरडले, "फॉन्टची वाट लावलीत तुम्ही!"

तो जागचा उठलासुद्धा नाही. लांबूनच बघून म्हणाला, "फॉन्ट ठीक आहे मॅडम. कळफलकाची मांडणी बदलली गेलीय माझ्याकडून, सॉरी. तुम्ही बरोबरच टाइप केलंय. मशीनला दुसरी अक्षरं वाटतायत, एवढंच."

तुम्ही बरोबरच टाइप केलंय.

बाबा टाइपरायटरवर शिकले. तिथे अक्षरांच्या जागा वेगळ्या. त्यांच्या जुन्या संगणकात तीच जुनी मांडणी होती, मीच तर घालून दिली होती! घरच्या या संगणकात माझी आहे. कळांवर इंग्रजी अक्षरं छापलेली, आणि खाली बघून टाइप करणाऱ्यांना बाबा टायपिस्टच मानत नाहीत. त्यांना वाटणार मराठीच उमटतंय. पडदा दिसत असेल, नसेल — ते बिचारे दुरुस्त काय करणार? तेच पुन्हा टाइप करणार.

तिसरा रोग. आणि मी दोनच मोजले, वर लोकांना शिकवले. मी! आणि रोज पुसलं मी. मनगट सोडवून घेऊन पुसलं.

बॉसला सांगितलं, घरी जातेय. "पत्रक?" म्हणाले. घाला म्हटलं पत्रक चुलीत.

रीस्टार्टला थँक्यू म्हणायला हवं होतं.

शनिवार, संध्याकाळ

दादाला फोन लावलाय, उद्या गाडी आणू नकोस म्हणून. उचलत नाहीये. वाजतोय तोवर लिहिते.

जुनी मांडणी घातली आणि बाबांना खुर्चीत बसवलं. काही समजावलं नाही. त्यांनी बोटं कळांवर ठेवली, समोर बघितलं आणि टाइप केलं —

मला सगळं कळतं. किती वेळा सांगायचं?