उजवा हात आणि गॅरेजमधली गाडी

१४ फेब्रुवारी, शनि.
आले एकदाचे खोके. ट्रक गल्लीत वळेना, म्हणून ड्रायव्हर, नवरोबा मंदार आणि मी ओढत गॅरेजपर्यंत आणले. चॅसीचा सांगाडा, चाकं, दोन सीट, बाकी सगळी गाडी पिशव्यांत. मंदार म्हणाला, "हे जोडलं की खरंच गाडी होते?" काय सांगू. एवढी वर्षं इथे जर्मनीत, त्सुफेनहाउझेनच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर गाड्या आदळून बघते, हातानं एक बोल्ट लावलेला नाही. लेक इरा डोकावली. "इस्ट दास कापुट?"
मोडकी नाही गं बाई. अजून व्हायचीय.

२१ फेब्रु., शनि.
पुढचं डावं चाक घेतलं. नट बसेना, सारखा पडतो. उजवा अंगठा आपला आपला थरथरतोय. थंडी, दुसरं काय. शेवटी डाव्या हातानं लावला.
उद्या रविवार, ड्रिल बंद. रविवारी आवाज शेजारच्या फ्राउ लांगना खपत नाही.

२६ फेब्रु., गुरु.
ऑफिसात हीटर सुरू, तरी हात तसाच. मांडीवर ठेवला की थरथरतो. काही उचललं की थांबतो, पण बोटं वेळेवर वळत नाहीत. बाबांचा कंपवात असाच सुरू झाला. पेपर वाचताना कागद वाजायचा. पण ते साठीचे होते, मी एक्केचाळीसची.
नेटवर बघायला नको होतं.

१० मार्च, मंगळ.
आमच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर गोगलगायीच्या शंखासारखं वेटोळं काढायला लावलं, मग कॉरिडॉरमध्ये चालवलं. "चालताना उजवा हात हलत नाही, लक्षात आलंय?" नव्हतं आलं. "आल्झो, म्हणजे बघा, बरीच कारणं असू शकतात." न्यूरोलॉजिस्टचा टेर्मिन, म्हणजे अपॉइंटमेंट, थेट जूनमध्ये.
मंदारनं विचारलं, उशीर का? म्हटलं, रक्त द्यायचं होतं. बोलून टाकलं की खरं होईल असं काहीतरी...

२८ मार्च, शनि.
चारी चाकं लागली. उभी राहिली! मंदारनं फोटो माझ्या आईला पाठवला. लगेच पुण्याहून फोन. "बाबा असते तर पाना घेऊन तुझ्याशेजारी आडवे झाले असते." मग म्हणाली, "हात जप हो."
का म्हणाली? सहज म्हणाली असेल.

११ एप्रिल, शनि.
ब्रेकच्या नळ्या जोडून झाल्या. ऑइल भरलं, मंदारला पेडल दाबायला बसवलं. पेडल सरळ तळाला. वाकून बघते तर उजव्या चाकापाशी जोडावर ओल. उघडला. आटे तिरके चढलेले. मीच लावला होता तो. कोणाच्याही हातून होतं हे. कोणाच्याही.
इरा दारात, सायकलचं हेल्मेट घालून. "फारेन विअर येत्स्ट?" नाही राणी, आज नाही निघायचं.
तिथेच खाली बसले. मंदार: "एवढं काय? एक नट तर आहे." हात पुढे केला, म्हटलं, धर. त्यानं धरला. त्याच्या मुठीतही थरथरत राहिला.
सांगितलं सगळं.

१२ एप्रिल, रवि.
नाश्ता झाल्यावर मंदारनं विचारलं,
"एकटीच घेऊन बसलीस इतके दिवस?"
"हो."
"गाडी थांबवू या?"
"नाही."
त्यानं बश्या उचलल्या. मग, "जूनला मी येणार. आणि ब्रेकचं मी आवळतो. तू सांग."
घरातला बल्बसुद्धा मी बदलते. हा ब्रेक आवळणार. नको म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

१८ एप्रिल, शनि.
नवा जोड आला. मंदार चाकापाशी आडवा, मी बाजूला उकिडवी.
"आधी बोटांनी. पाना नको."
"अडला."
"उलटा फिरव. परत घाल."
चिडला. "अनघा, नीट बसलाय!"
बसलाय का? माझ्या बोटांना कळलं असतं. पूर्वी.
ऑइल भरलं, हवा काढली. या वेळी पेडलवर मी. दाबताना ते मध्येच घट्ट झालं. तो टॉर्च घेऊन खाली.
"कोरडं."
"हात लावून बघ."
"कोरडं आहे गं. सोड आता."
पाय काढवेना. म्हटलं, अजून जरा बघ.
त्यानं जोडावरून बोट फिरवलं, मग टॉर्च धरून बघत राहिला.