जेवायच्या सुट्टीत बसलेल्या बायका

आये, आमच्या कंपनीतल्या बायकांना कॅन्टीनमध्ये जेवता यावं म्हणून मी काही महिन्यांपूर्वी भर दुपारी दारात फतकल मारून बसले. तू गेल्याला इतकी वर्षं झाली, पण हे नीट सांगायला मला दुसरं माणूस सापडत नाही. नवरा ऐकतो, पण मध्येच विचारतो, "नोकरी राहील ना?" भावाने तर, "कम्युनिस्ट म्हणून नाव निघेल तुझं, आम्हाला गावात तोंड दाखवायचंय," म्हणून फोनच ठेवला. तुझा मुलगा आता फार्महाऊसवाल्यांना जमिनी दाखवत फिरतो. आपला खालचा तुकडाही गेला. त्याला भिंत घातलीय, आतलं दिसत नाही.

कंपन्यांसाठी जमीन घ्यायची म्हणून मोजणीवाले आले तेव्हा मी बारावीत होते. अजून डोळ्यांसमोर आहे, तू आणि वाडीतल्या सगळ्या बायका भाताच्या खाचरात पाय सोडून बांधावर बसला आहात, आणि मी पाण्याची कळशी घेऊन मागे उभी आहे. साहेब समजुतीच्या सुरात सांगतोय, "बाई, कंपन्या आल्या की तुमच्याच पोरांना नोकऱ्या लागतील." मला ते पटत होतं. संध्याकाळी चुलीपाशी मी तसं बोललेही. तू भाकरी थापत होतीस, तुझा हात थांबला. "लागंल गो नोकरी. पन नाय म्हनायची सोय हाय का तिथं? हितं मी नाय म्हनाले, तर सायेब माघारी गेला. तिथं तू नाय म्हनशील तर माघारी कोन जाईल?" मी चिडून ओट्यावर जाऊन बसले. लाल झेंडेवाले पेणहून आले तेव्हाही तू त्यांना असंच ऐकवलं होतंस. सभा झाली, पुरुषांची पंगत आधी बसली, बायका वाढत राहिल्या. त्यांचा पुढारी हात धुवायला उठला तर तू त्याच्या ताटाकडे बोट दाखवलंस. "दादा, समान हक्काचं बोललाव ते झ्याक. आता ताट उचला." त्याने उचललं. पुढे तो आला की आधी चुलीपाशी येऊन विचारायचा, बायका जेवल्या का?

तू गेल्यावर मी पेणच्या कॉलेजातून केमिस्ट्री केली आणि रोह्याला कंपनीच्या लॅबमध्ये लागले. मी कायम. पॅकिंगच्या बायका मात्र कॉन्ट्रॅक्टरच्या. कोणी वर्ष, कोणी बारा वर्षं तेच काम करतेय, तरी कागदोपत्री कंपनीच्या नाहीत. सकाळी मिनीडोर रिक्षांमधून दाटीवाटीने येतात, आमच्याच गेटातून आत शिरतात, आणि जेवायला बसतात रिकाम्या ड्रमांच्या शेडमध्ये. तिथे सॉल्व्हंटचा वास इतका, की घास तोंडाशी नेला तरी नाकात तोच. उन्हाळ्यात एक पोरगी डबा उघडूनच ओकली. बायकांनी कॅन्टीन मागितलं. उत्तर आलं, कॅन्टीन कंपनीच्या माणसांसाठी आहे.

मग एके दिवशी सुट्टीत त्या डबे घेऊन सरळ कॅन्टीनला आल्या. वॉचमनने दार अडवलं. त्या तिथेच बसल्या, डबे मांडीवर, झाकणं बंद. सुट्टी संपली तरी उठेनात. पॅकिंग बंद पडलं. मॅनेजरने मला बोलावलं. "मॅडम, तुम्ही गावाकडच्या. तुमचं त्या ऐकतील. शिफ्ट सुटायच्या आत उठवा, नाहीतर उद्या दुसऱ्या बायका येतील." आवाज चढवला नाही त्याने. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

मी गेले. हातात माझाही डबा होता, जेवायचा राहिलेला. त्यांच्यातली सगळ्यांत मोठी, कोलाडकडची, तिने मला खालून वर पाहिलं. "बाय, तू कोनाच्या वतीनं आलीस?" वाटेत मी त्यांना उठवायची वाक्यं जुळवत आले होते. आत टेबलांवर उशिराच्या सुट्टीत जेवायला बसलेले आमचे कायम कामगार, हात ताटात थांबलेले. कोणी माझ्याकडे बघत नव्हतं आणि सगळे बघत होते. मी त्या बाईच्या शेजारी बसले आणि डबा उघडला. "जेवायला आलेय," म्हटलं. तिने सरकून जागा दिली. मग तिनेही डबा उघडला, मग बाकीच्यांनी. थोड्या वेळाने बॉयलरवरचा एक ऑपरेटर ताट घेऊन बाहेर आला आणि आमच्यात बसला. त्याच्यामागे आणखी काही.

पोलिसांची गाडी आली. हवालदाराने विचारलं, "युनियन कुठली? लीडर कोण?"

"लीडर कोन नाय," कोलाडची बाई घास गिळून म्हणाली. "भूक लागली, जेवतोय. यात गुन्हा कंचा?"

हवालदार मॅनेजरकडे वळला.

आठवड्याने पॅकिंगच्या बायकांनाही कॅन्टीन खुलं झालं. आधी बायकांसाठी वेगळी रांग होती, भिंतीकडेची. बॉयलरवाले मुद्दाम तिथे जाऊन बसायला लागले, तेव्हा ती रांग मोडली. पण कोलाडच्या बाईचा गेटपास कॉन्ट्रॅक्टरने बंद केला. काम कमी आहे म्हणे. तिच्यासाठी आम्ही कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जातो. तारीख पडते, पुढची पडते. ती प्रत्येक वेळी नवं लुगडं नेसून येते. मागच्या खेपेला तिला म्हटलं, तुमचं नुकसान झालं. तर माझ्यावरच खेकसली, "माझं एकलीचं काय घेऊन बसलीस गो? पोरी निवांत जेवतात का, ते सांग." मला मेमो मिळालाय, आणि लॅबमध्ये दोघीजणी माझ्याशी बेताने बोलतात. आमची युनियन कायम कामगारांची. कॉन्ट्रॅक्टवाल्यांना सभासद करून घ्यायचं का, यावर पुढच्या सभेत भांडण होणार आहे. मी बोलणार आहे. आमच्यातलेच काही मला नाही म्हणतील, हे ठाऊक आहे.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एवढं लिहून टाकते. त्या दुपारी मी घाबरले होते हे सगळ्यांना सांगितलं. पण आये, त्या बायकांच्यात बसून जेवताना मला फार मजा येत होती, हे अजून कोणाला सांगितलेलं नाही.