श्रद्धांजलीपर मुदतवाढ रद्द करण्याबाबत

प्रति,
मा. निवडणूक निर्णय अधिकारी (श्री. उपेंद्र टिकेकर),
हरितद्वीप मराठी मंडळ, आयर्लंड.
कार्यालय : आपल्याच घरची बैठकीची खोली, ॲडम्सटाउन.

अर्जदार : गुरुनाथ वाकचौरे, शॅनन.

विषय : शॅनन विभागाच्या प्राथमिक फेरीची पुढे ढकललेली तारीख आणि उमेदवारी अर्जाची वाढवलेली मुदत रद्द करण्याबाबत, ते जमत नसल्यास त्यातून अर्जदाराच्या पत्नीचे नाव काढण्याबाबत.

संदर्भ : मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावरील आपले दि. २० मे २०२५ चे परिपत्रक.

उपेंद्रराव, पण या कागदापुरते महोदय,

१. मंगळवार, दि. २० मे रोजी सकाळी लिमरिकच्या रुग्णालयात अर्जदाराची पत्नी विभावरी हिचे निधन झाले. अर्जदाराने दुपारी ही बातमी मंडळाच्या गटावर एका ओळीत कळवली. त्याच संध्याकाळी आपले परिपत्रक आले. त्याच्या पहिल्या वाक्यात विभावरीला भावपूर्ण श्रद्धांजली होती. दुसऱ्या वाक्यात "त्यांच्या स्मृतीस आदर म्हणून" प्राथमिक फेरी महिनाभर पुढे ढकलली होती आणि उमेदवारी अर्ज पुन्हा घेतले जातील असे म्हटले होते. दोन्ही गोष्टी एकाच संदेशात आल्यामुळे सभासदांची पंचाईत झाली. काहींनी हात जोडले, काहींनी अंगठा दाखवला, आणि एका सभासदाने दोन्ही करून शिवाय फुगे उडवले. ते सभासद श्री. हर्षवर्धन नाडगौडा होत. त्यांचा विषय पुढे येईलच.

या कागदात अर्जदार स्वतःला अर्जदारच म्हणतो. "मी" म्हणून लिहायला घेतले की त्याचे दुसऱ्या ओळीच्या पुढे जात नाही.

२. मंडळाच्या घटनेप्रमाणे डब्लिनमधले ॲडम्सटाउन व ब्लँचर्डस्टाउन आणि पश्चिमेकडचे शॅनन या विभागांनी आधी आपापला एक उमेदवार निवडायचा. ही प्राथमिक फेरी. मग त्यांतून सगळ्या सभासदांनी मिळून अध्यक्ष निवडायचा. विभावरी शॅननमधून उभी होती. तिचा जाहीरनामा एका ओळीचा होता : मंडळाचा गणपती एकदा तरी शॅननला बसवायचा. दरवर्षी शॅननच्या मंडळींनी पोरांना गाडीत कोंबून डब्लिन गाठायचे, आरती संपताना पोचायचे आणि "अरेरे, मोदक आत्ताच संपले बघा" एवढे ऐकून परत फिरायचे, याचा तिला वीट आला होता.

३. प्राथमिक फेरीची तारीख यापूर्वीही हललेली आहे. आधी हॉलवर कोणाच्या तरी मुलाच्या कम्युनियनची, म्हणजे चर्चमधल्या मुंजीची, पार्टी निघाली. मग पुढच्या शनिवारी आमच्या क्लेअर काउंटीची हर्लिंगची, म्हणजे इथल्या काठी-चेंडूच्या खेळाची, मॅच निघाली. तेव्हा अर्जदाराने हरकत घेतली नाही, कारण मॅच त्यालाही बघायची होती. त्यानंतर आपल्याकडे पुण्याहून पाहुणे आले. प्रत्येक परिपत्रकात "अपरिहार्य कारणास्तव" असे लिहिलेले आहे. पाहुण्यांच्या बाबतीत अर्जदाराला ते पटते.

४. एप्रिलच्या अखेरीस डॉक्टरांनी विभावरीला फार दिवस नाहीत असे सांगितले. तेव्हा तिने आपल्याला फोन करून विनंती केली, की फेरी एक आठवडा अलीकडे घ्या, मला बसता येते आहे तोवर येऊन दोन शब्द बोलेन. फोन स्पीकरवर होता. आपण म्हणालात, "विभावरीताई, तुमच्यासाठी जीव तुटतो हो, पण तारीख म्हणजे तारीख. आज तुमच्यासाठी बदलली तर उद्या प्रत्येक जण मागेल." त्यावर ती म्हणाली, "उपेंद्र, प्रत्येक जण मरायला टेकलेला नाही रे," आणि हसली. आपणही हसलात. तारीख जागची हलली नाही.

म्हणजे जिवंतपणी मागितलेला एक आठवडा तिला मिळाला नाही, आणि गेल्यावर न मागता अख्खा महिना मिळाला. तो तिच्यापर्यंत कसा पोचवायचा, याबद्दल परिपत्रकात सूचना नाही.

५. मूळ मुदतीत शॅननमधून दोनच अर्ज आले, एक विभावरीचा आणि दुसरा अर्जदाराचा. विभावरीचे वडील संगमनेरला नगरसेवक होते. मुख्य उमेदवाराचा अर्ज छाननीत उडाला तर हाताशी असावा म्हणून सोबत डमी भरायचा, ही त्यांच्या घरची शिस्त. आपल्या मंडळात छाननी म्हणजे वर्गणी भरली आहे का एवढेच बघतात, हे अर्जदाराने तिला सांगून पाहिले. तिने रुग्णालयातल्या जेवणाच्या ट्रेवर कागद ठेवला आणि म्हणाली, "सही कर. तू नुसता डमी आहेस." घरात ते पद लग्नापासून अर्जदाराकडेच असल्यामुळे त्याने वाद घातला नाही. माघारीच्या दिवशी त्याने अर्ज मागे घ्यायचा, असे ठरले होते.

तिने सांगितलेले काम म्हणून, अंत्यविधीच्या दुसऱ्याच दिवशी, अर्जदार माघारीचा कागद घेऊन शॅननहून ॲडम्सटाउनला आपल्या दारात आला. आपण त्याला चहा दिलात आणि म्हणालात, "माघारीची मुदतही वाढवली आहे. आता नको, नंतर द्या." आपण तो कागद त्या दिवशी ठेवून घेतला असता, तर आज हा अर्ज आपल्याला वाचावा लागला नसता.

६. मूळ मुदत संपली तेव्हा श्री. नाडगौडा सुट्टीसाठी स्पेनच्या लान्झारोटे बेटावर समुद्रकिनारी होते. वाढीव मुदतीत शॅननमधून पहिला अर्ज त्यांचा आला. दुसरा कोणाचाच आला नाही. म्हणजे विभावरीच्या स्मृतीचा आदर आजवर एकाच माणसाच्या कामी आला आहे, आणि त्यांचे म्हणणे असे, की गणपती डब्लिनलाच बरा, तिथे पार्किंग आहे. त्यांनी अर्जदाराला फोनही केला. "गुरू, टेक इट हँडी रे. तुझ्यावर केवढा प्रसंग! तू कशाला या भानगडीत पडतोस? माघार घे आणि आराम कर." अर्जदाराने त्याच क्षणी माघार न घेण्याचे ठरवले. त्याबद्दल तो श्री. नाडगौडा यांचा ऋणी आहे.

समितीच्या बैठकीत कोणीतरी "सुतकात उमेदवारी कशी चालेल?" असेही विचारल्याचे कळले. सुतकात शुभकार्य करत नाहीत, हे अर्जदाराला मान्य आहे. परंतु मंडळाची मागची निवडणूक पाहिलेला कोणीही तिला शुभकार्य म्हणणार नाही. शिवाय आता सुतकही फिटले आहे.

७. या वर्षात मंडळाच्या आणखी काही सभासदांचे आईवडील आणि सासूसासरे गेले. त्यांच्यासाठी मुदत वाढवल्याचे आढळत नाही. आदर दाखवायची हीच रीत यापुढे ठेवायची असेल, तर ती सर्वांना सारखी लावावी. तसे केल्यास मंडळाची निवडणूक कधीच होणार नाही आणि आपण तहहयात निर्णय अधिकारी राहाल. त्यास अर्जदाराची हरकत नाही, फक्त ते घटनेत लिहून घ्यावे.

८. सबब विनंती, की मूळ मुदत कायम धरून शॅननमधून उरलेला एकमेव उमेदवार, म्हणजे डमी, बिनविरोध निवडून आल्याचे जाहीर करावे. हे अवघड वाटत असल्यास मुदतवाढ खुशाल ठेवावी, पण परिपत्रकात "विभावरीताईंच्या स्मृतीस आदर म्हणून" याऐवजी "हर्षवर्धनरावांच्या सुट्टीस आदर म्हणून" अशी दुरुस्ती करावी. निवडणूक झालीच तर अर्जदार लढेल. त्याला भाषण येत नाही. तो उभा राहून तिची एक ओळ वाचेल आणि खाली बसेल.

९. यातले काहीच शक्य नसेल, तर निदान एक पक्की तारीख सांगावी. घटनेप्रमाणे उमेदवाराला त्या दिवशी स्वतः हजर राहावे लागते. अर्जदाराला आणि त्याची मुलगी ज्ञानदा हिला विभावरीच्या अस्थी घेऊन नाशिकला जायचे आहे. परिपत्रकानंतर महिना उलटत आला, तरी नवा दिवस कोणता हे आपण अजून कळवलेले नाही. ज्ञानदाने दोनदा रजा टाकून परत घेतली. ती म्हणते, "बाबा, दे आर ओन्ली मेसिंग विथ यू." अर्जदार तिला म्हणाला, की उपेंद्रकाका तसे नाहीत. हे वाक्य खरे ठरवणे आपल्या हातात आहे.

अस्थी घरात ठेवत नाहीत, म्हणून मागच्या शेडमध्ये गवत कापायच्या मशीनच्या वरच्या फळीवर ठेवल्या आहेत. अर्जदार रोज संध्याकाळी गवत कापायला म्हणून शेडमध्ये जातो. गवत आता कापण्यासारखे राहिलेले नाही.

आपला, मुदतीत अर्ज भरलेला सभासद,
गुरुनाथ वाकचौरे
शॅनन, दि. १६ जून २०२५

सोबत : आपल्या परिपत्रकाची प्रत, फुग्यांसह. विमानाची तिकिटे जोडलेली नाहीत. ती अजून काढलेली नाहीत.