जिवंत माणसाचं ताट

न्यू बेडफर्ड,
१४ ऑगस्ट १९९८

प्रिय देल्फिना हिस दादाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

कागद आला. म्हणजे आता मी या देशातून बाहेर पडलो तरी मला परत आत घेतील. लुर्देस तो घेऊन धावत मासळीच्या कारखान्यात आली. मी कॉड कापत उभा होतो. हात धुवायचंही सुचलं नाही. तिनंच कागद लांब धरून वाचायला लावला, म्हणून आज त्याला माशाचा वास येत नाही.

तर ठरलं. ऑक्टोबर संपता संपता कारखाना दुरुस्तीसाठी बंद असतो. तेवढीच सुट्टी. मृतांच्या दिवशी, म्हणजे एक नोव्हेंबरला, मी सुम्पांगोत आपल्या घरी असेन. सोबत तुझी वहिनी लुर्देस आणि आमची इनेस.

वहिनीची तयारी काय सांगू. ती पोर्तुगीज आईबापांची लेक, पण आपला देश तिनं माझ्यापेक्षा जास्त पाठ केलाय. तिकालची देवळं, आतित्लानचं सरोवर, अँटिग्वातली चर्चं, सगळं तिला बघायचंय. रोज जेवताना विचारते, कुठलं देऊळ कुठल्या राजानं बांधलं. मला काय ठाऊक? तिकालला जायला आपल्याकडे बसचं भाडं कधी होतं? काल विचारलं, ते राजे खात काय असत. मी म्हटलं, माझी आई करते तेच, मक्याची भाकरी आणि काळा घेवडा. बिचारी हिरमुसली. तिला काहीतरी सोन्याच्या थाळीतलं हवं होतं.

इनेस सात वर्षांची झाली. आजीला काय म्हणू, असं विचारत होती. मी तिला आपल्या काक्चिकेल भाषेतला एकच शब्द शिकवलाय, मात्योश, आभार. बाकी काही आलं नाही तरी चालेल म्हटलं.

आईला हे पत्र सावकाश वाचून दाखव. तुझ्या नवऱ्याला, कामिलोला, नमस्कार. आहे तो लोभ वाढवा, नाहीतर तिकिटं काढून उपयोग काय?

तुझा,
वेनान्सिओ

सुम्पांगो,
३ सप्टेंबर १९९८

तीर्थरूप दादास धाकट्या देल्फिनाचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. ऐकलं, उठली, कोंबड्यांना दाणे टाकून आली आणि म्हणाली, परत वाच. परत वाचलं. इनेसच्या मात्योशवर तर ती एवढी हसली की तिला ठसका लागला. शेजारच्या तिबुर्सियाला भिंतीवरून ओरडून सांगितलं, माझा वेनो येतोय. ती तिबुर्सिया, जिच्याशी ती पावसाळा लागल्यापासून बोलत नव्हती. एवढा आनंद मी या घरात फार दिवसांनी पाहिला, दादा. तुझे उपकार.

पण तारखेवर येऊन सगळं अडलं. आई म्हणते, तेवढा एक दिवस येऊ नकोस. त्याच्या आधी ये, नंतर ये, त्या दिवशी नको.

तुला हे कुणी कळवलेलं नाही, म्हणून स्पष्ट लिहिते. ज्या रात्री सैनिक आले आणि तू मागच्या शेतातून पळालास, त्यानंतर तीन वर्षं तुझी काही खबर नव्हती. त्या काळात जे गेले त्यांतलं कुणी परतत नव्हतं, हे तुलाही माहीत आहे. आईनं तुला मेलेल्यांत धरलं. तिन्ही वर्षं एक नोव्हेंबरला बाबांच्या ताटाशेजारी तुझं ताट मांडलं. दारापासून आतपर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट घातली आणि स्मशानात जाऊन तुझ्या नावानं हाक मारली. कामिलोनं, मेलेल्यांसाठी उडवतात तसा, तुझ्या नावाचा पतंग उडवला. मग तुझं पत्र आलं, आणि त्या ताटाबद्दल आई पुन्हा कधी बोलली नाही.

आता ती म्हणते, घराला मीच सांगून ठेवलंय की हा गेला. त्या दिवशी ती वाट मेलेल्यांची. तू त्याच पाकळ्यांवरून आत आलास, तर संध्याकाळी परत जाताना ते तुलाही घेऊन जातील. कामिलो म्हणाला, आई, विमानाचं परतीचं तिकीट आहे त्याच्याकडे. तिनं त्याला चुलीसमोरून उठवलं.

आणखी एक आहे. हे ती मला बोललेली नाही, पण मी तिची लेक आहे. तिला भीती वाटते की तू विचारशील, आई, एवढ्या लवकर माझी आशा सोडलीस?

आपले दिवस बघतात ना, त्या तात पास्कुआलांकडे मी तिला रविवारी नेणार आहे. तू जरा सुट्टीचं बघ. नाही जमलं तर काय करायचं ते मला सुचत नाही, कारण पुढच्या वर्षी येईन असं तू लिहिलंस तर आईपाशी किती वर्षं उरलीत हे मला सांगता येणार नाही.

वहिनींना नमस्कार, इनेसला पापा. रागावू नकोस, माया तशीच राहू दे.

तुझी,
देल्फिना

न्यू बेडफर्ड,
२४ सप्टेंबर १९९८

प्रिय देल्फिना हिस आशीर्वाद, आणि आईच्या पायांवर डोकं.

सुट्टी बदलत नाही, विचारून पाहिलं. पण तेवढंच सांगायचं असतं तर मी एक ओळ लिहिली असती. तुझं पत्र वाचल्यावर दोन दिवस मी जेवण होताच उठून बाहेर जात होतो. लुर्देसला वाटलं, मी चिडलोय. शेवटी तिला सांगितलं, आता तुम्हांला सांगतो. हे पुढचं आईला मोठ्यानं वाचून दाखव.

आई, मेक्सिकोच्या हद्दीतल्या छावणीत मी तीन वर्षं होतो. तिथं मागून आलेल्या एकानं मला सांगितलं की आपली आळी जाळली, कुणी उरलं नाही. मी ते खरं मानलं. एक नोव्हेंबरला छावणीतले सगळे आपापल्या माणसांसाठी ताट मांडत. मीही मांडलं, तुझ्यासाठी. तिन्ही वर्षं. झेंडू मिळत नव्हता, रानातली कसली तरी पिवळी फुलं आणली. ताट म्हणजे डब्याचं झाकण. त्यात घेवडा, आणि भाकरी असेल तर तिचा मोठा तुकडा तुला, लहान मला. तुझं नाव घेऊन हाक मारायचो, आणि बाकीचे झोपले की रडायचो.

मग बाजारात आपल्या शेजारच्या चिमाल्तेनांगोकडचा एक माणूस भेटला. त्यानं तुला पाहिलं होतं. मी विचारलं, नक्की माझीच आई? तो म्हणाला, सुम्पांगोत कोंबडीवरून शेजारणीशी भांडत होती. तेव्हा माझी खात्री पटली. तुमच्या हाती पडलेलं ते पहिलं पत्र मी त्याच दिवशी लिहिलं.

तेव्हा आई, तू आशा सोडलीस असं कुणी म्हणायचं? तू माझ्यासाठी रांधत होतीस. ज्या तीन वर्षांत जगात मला कुणी ओळखत नव्हतं, त्या तीन वर्षांत एक घर माझं नाव घेऊन मला जेवायला बोलावत होतं. हे मला आता कळलं. एवढं मोठं देणं मला आयुष्यात कुणी दिलेलं नाही. मी कसले हिशेब मागणार? उलट मीच विचारतो, माझं ताट तुला पोचलं का? पोट भरलं का?

सुट्टी त्याच आठवड्याची आहे, पण त्यातल्या तू म्हणशील त्या दिवशी घरात येईन. गावाबाहेर थांब म्हणालीस तर थांबेन. पण ये म्हण.

तुझा,
वेनो

सुम्पांगो,
१२ ऑक्टोबर १९९८

तीर्थरूप दादास देल्फिनाचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र वाचून झालं तेव्हा आईनं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग तिनं विचारलं, घेवड्यात मीठ घातलं होतं का त्यानं? मी म्हटलं, छावणीत मीठ कुठून असेल? ती म्हणाली, तरीच, त्या वर्षांत माझ्या तोंडाला कशाची चव नव्हती. आणि हसता हसता अशी रडायला लागली की तिबुर्सिया भिंतीवरून विचारायला आली. दोघींनी मिळून रडून घेतलं. आता त्या बोलतात, त्याबद्दलही तुझेच आभार मानायला हवेत.

तात पास्कुआल त्या रविवारी म्हणाले होते, आधी त्याचं उत्तर येऊ दे; आता त्यांनी तुझं पत्र माझ्याकडून वाचून घेतलं. त्यांनी मेणबत्त्या लावल्या, लाल बिया मांडल्या, मोजल्या आणि सांगितलं, मेलेले खुळे नसतात, आपलं कोण ते त्यांना कळतं. ते नुसत्या वासावर जेवतात, घास फक्त जिवंत माणूस उचलतो. तेव्हा त्याच दिवशी दोन ताटं मांडा, मायलेकरांनी समोरासमोर बसून ती संपवा, एक दाणा मागे ठेवू नका. घराला आपोआप कळेल. आई वाटेत म्हणाली, हे मलाही सुचलं असतं.

तेव्हा या. त्याच दिवशी या. फक्त एक, पुढच्या दारानं नाही. पाकळ्यांची वाट बाबांसाठी ठेवायची आहे. तू मागच्या शेतातून ये, गेलास तिथूनच. वहिनींना सांग, तिकाल तिथंच आहे, नंतर कामिलो घेऊन जाईल. तो राजांची नावंही सांगेल, चुकीची, पण ठणकावून.

आईनं आत्तापासून घेवडा निवडायला घेतलाय. तू ते सगळं संपवणार आहेस, विसरू नकोस. इनेसला गोड पापा. आमच्यावरची माया सामानात सगळ्यात वर ठेवा.

तुझी,
देल्फिना

ता. क. आईनं हे तिच्या शब्दांत लिहायला सांगितलंय, म्हणून एक अक्षरही न बदलता लिहिते : ‘वेनो, तीन वेळा तुला जेवायला हाक मारली, तू आला नाहीस. आता चौथ्यांदा मारते. ये बाळा, जेवायला ये.’