उंबऱ्यापुढचं कमळ आणि हिऱ्याची वाटी

ती. वन्सं,

नमस्कार मागाहून करते, आधी हे ऐका, नाहीतर विसरेन. काल सकाळी आमच्या दारात सगळ्यांत आधी कोण आलं असेल? दूधवाला नाही, कुरियरवाला नाही. चंदना! ही कोण म्हणाल, तर चुडीदारावर नवऱ्याचा शर्ट चढवलेली आणि खांद्यावर जाडजूड नळी गुंडाळलेली एक पोरगी. तिच्या मागून तिचे सासरे फत्तेसिंगराव, काँक्रीट घासायचं मशीन तलवारीसारखं धरून. (यांचे पणजोबा म्हणे म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते. घोडं गेलं, चाल तेवढी राहिली.) आणि वन्सं, मराठी! "आजी, घासायची जमीन कुठं आहे?" अहो, बोगादीला नव्या घरी आल्यापासून दारात उभं राहून माझ्याशी कोणी मराठी बोललं नव्हतं. म्हटलं, जमीन काय, पायाखालीच आहे, पळून जात नाही, आधी कॉफी घ्या.

आता रीतसर. तुम्हांस गोदावरीचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? अंगठ्याचं नख आलं का? फोनच करणार होते, पण मी प्रकृती विचारली की तुम्ही "जेवले" म्हणता आणि ठेवून देता, म्हणून हे पत्र. एकाच गावात पोस्टाचं तिकीट लावते म्हणून सहना, आमची सून, हसली. हसू दे. माझी शाळा चौथीत सुटली ती सुटली, तेव्हा अक्षर लागेल तसं लावून घ्या.

तर सगळं तुमच्या अंगठ्यावरून सुरू झालं. राघवेंद्रानं घरापुढे गाडीसाठी काँक्रीट घातलं, त्या दिवशी माणसं काम संपवून गेली आणि दिवेलागण झाली. उंबऱ्यापुढे एवढी कोरी जमीन, आणि रांगोळीचं बोट नाही! नव्या घराला हे बरं का? पीठ टाकलं तर ओल्यात विरघळलं. मग डावाचा दांडा घेतला आणि कमळ काढलं, आठ पाकळ्यांचं, चांगलं खोल. सकाळी ते दगड झालं होतं, कडा बोटभर वर. राघवेंद्र म्हणाला, "अम्मा, रांगोळी पुसता येते म्हणून लोक रोज काढतात." मला वाटलं, बरं झालं, एकदाच काढली आणि जन्माची सोय झाली. पण वास्तुशांतीला तुम्ही आलात, पहिल्याच पाकळीला अंगठा ठेचलात, आणि पुरणाच्या होळिगेचा घास न घेता रिक्षा वळवून नजरबादच्या जुन्या घरी गेलात. वर म्हणालात, ही जमीन सपाट होईतो या घरात पाऊल ठेवणार नाही. राघवेंद्र हसला. मी हसले नाही. (मागून थोडी हसले. पण मग किती दिवस कोणीच आलं नाही.)

तुम्हांला इथलं काय सांगू? दोघं सकाळी ऑफिसला जातात. आजूबाजूचे बहुतेक प्लॉट मोकळे, गवत माझ्या कमरेला लागतं. नजरबादला खिडकी उघडली की तुमचं खोकणं ऐकू यायचं, त्याचा तेव्हा मला राग यायचा. इथं दिवसभर फ्रिज तेवढा गुरगुरतो, आणि कधी कधी मी त्यालाच "हौदप्पा, हौदु" म्हणून ओ देते. म्हणून राघवेंद्र म्हणाला की जमीन घासणारी माणसं येतील, फार आवाज होईल, तू आत बस, तेव्हा मी मनात म्हटलं, आत कशाला बसू? आवाजासाठीच तर वाट बघते आहे.

आता ती हिऱ्याची वाटी. मशीनच्या तोंडाला एक लोखंडी वाटी पालथी बसवतात. तिच्या काठाला दातांसारखे तुकडे, आणि त्या दातांत हिऱ्याची पूड. मी चष्मा लावून, उन्हात धरून, उलटीपालटी करून पाहिली. हिरा काही दिसेना. (सहनाच्या आईनं लग्नात दिलेल्या कुड्यांतही मला दिसला नव्हता, पण ते जाऊ दे.) फत्तेसिंगरावांनी दातांच्या दोन रांगांची वाटी लावली. चंदना म्हणाली, "मावा, ती शेवटी गुळगुळीत करायला. हे उंचवटे आहेत, एका रांगेची भरड लावा." सासऱ्याला ती मावा म्हणते. मावा म्हणाले, "तू नळी धर."

मशीन किंचाळलं. जमीन ढिम्म. राघवेंद्रानं भीतीनं सिमेंट जास्त घालायला लावलेलं, त्यामुळे जमीन झालेली पाषाण. वाटी उलटी करून बघतात तर दात आरशासारखे चकचकीत, धार गेलेली. मग चंदनानं मला सांगितलं, ते मी तुम्हांला सांगते, विसरू नका. कठीण जमिनीला मऊ धातूची वाटी लागते. मऊ धातू झिजतो, बोथट हिरे गळून पडतात, आतले धारदार वर येतात. कठीण जमिनीवर कठीण वाटी नुसती चकाकते आणि ओरडते. वन्सं, हे तुमच्यामाझ्या वेळी कोणी सांगितलं असतं तर? एका स्वयंपाकघरात आपण दोघी कठीण. जन्मभर चकाकलो आणि ओरडलो.

चंदनानं ती वाटी खरखरीत सिमेंटच्या विटेवर थोडी घासून घेतली, तशी तिची धार परत आली. ती बाजूला ठेवून मग एका रांगेची मऊ वाटी लावली, आणि पाकळ्या खसाखसा उडायला लागल्या! पण मावांना सुनेचं ऐकावं लागल्याचा राग. ते मशीन दाबायला लागले आणि एका जागी कढईएवढा खड्डा पाडला. चंदना ओरडते आहे, "दाबू नका, वजन त्याचं त्यालाच पुरतं, फिरवत राहा!" शिवाय धूळ ओढायची नळी मावांनी लावलीच नव्हती. म्हणे उघड्यावर कशाला. सगळं पांढरं. माझे वाळत घातलेले उडदाचे हप्पळ पांढरे, तुळस पांढरी, आणि पलीकडच्या घरातले नरसिंहमूर्ती, तेही पांढरे, पंचा झटकत भांडायला आले. "एनम्मा इदु, काय हे!" म्हणून किती रागावले! मला इतका आनंद झाला. इतके दिवस शेजारी राहतो, पण पहिल्यांदाच घरी आले. भांडायला का होईना. मी त्यांनाही कॉफी दिली, मग ते बसले, आणि मशीन कसं चालवावं ते सगळ्यांना सांगायला लागले. त्यांना त्यातलं काही कळत नाही. मी मान डोलावली.

नळी लावल्यावर काम नीट झालं. कमळाचा खोल भाग आणि मावांचा खड्डा सिमेंटच्या मसाल्यानं भरला. तो घट्ट झाला की मंगळवारी ते परत येऊन दोन रांगांच्या वाटीनं शेवटचा हात फिरवतील. पण उंचवटा आता एकही नाही. मी अनवाणी चालून पाहिलं. तुमची अट पुरी झाली, वन्सं.

ती माणसं गेली तेव्हा कपबशा मोठा आवाज करत धुतल्या. बाकी क्षेम.

तुमची,
गोदावरी

ता. क. माझं एक मागणं आहे. मंगळवारी तुम्हीही या. दोन लुगडी जास्तीची आणा. तुमच्या खोकल्याला मी काही बोलणार नाही.

ता. क. आणखी एक. वर लिहिलं ते सगळं खरं, पण पुरं नाही. काल ती माणसं गेली, दिवे लागले, आणि भरलेला मसाला ओलाच होता. डावाच्या दांड्याकडे हात गेला. (गेला म्हणजे मीच नेला.) लहानसंच कमळ काढलं आहे, मावांच्या त्या कडेच्या खड्ड्यात, तुळशीपाशी. वाटेत नाही, तुमच्या अंगठ्याला काही होणार नाही. आज सकाळी चंदनाला फोनवर सांगितलं. ती पोटभर हसली. म्हणाली, "आजी, आता मंगळवारी ते घासून पुन्हा मसाला भरावा लागेल, मग घट्ट झाला की त्याच्या पुढच्या मंगळवारी पुन्हा यावं लागेल." मी म्हटलं, अय्यो, तुम्हांला किती त्रास. दोन्ही मंगळवारी येते म्हणाली आहे.