व्हिटॅमिन ई आणि माझं उसळतं रक्त

३ तारीख, सकाळी ७
मानवजातीवर झालेल्या अन्यायांच्या इतिहासात गोळ्यांच्या बाटलीच्या झाकणाची नोंद कुणीच घेतलेली नाही. दाबा आणि फिरवा म्हणे. दाबलं. फिरवलं. शेवटी हातोडा घेतला. झाकण जागीच ठार.
अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पुन्हा पंचविशीत जायचं. रोज व्हिटॅमिन ईची एक कॅप्सूल पोटात, एक फोडून चेहऱ्यावर. बायको म्हणाली, तोंड तळून काढल्यासारखं दिसतंय.

६ तारीख
मेहुणा आमच्याकडेच राहतो. औषधांच्या दुकानात काउंटरवर असतो, म्हणून स्वतःला डॉक्टर समजतो. म्हणे, भाऊजी, पायातल्या गुठळीसाठी रक्त पातळ करायची गोळी चालू आहे ना तुमची? त्यावर हे नको. रक्त थांबायचं नाही.
शुद्ध जळफळाट. डोस दुप्पट केला. अंगात जोर आला की एखाद्या रविवारी याला लोळवणार.

९ तारीख
सराव. उशीला पंचवीस ठोसे. रक्त आलं. उशीला नव्हे, माझ्या नाकाला. जोर आतून धडका देतोय.

११ तारीख
दाढी करताना किरकोळ कापलं. तीन टॉवेल.

१४ तारीख
दंडावर, मांडीवर काळेनिळे डाग. स्नायू वर येण्याआधी असं होत असणार. ऑफिसात हेडक्लार्कने बाजूला घेऊन विचारलं, घरी मारतात का हो? बायकोला सांगितलं. म्हणाली, अजून तरी नाही.

१९ तारीख, रविवार
मेहुण्याने माझ्या कॅप्सूल संडासात ओतल्या! त्याची गचांडी धरली. सणसणीत थोबाडीत दिली. दुसरी द्यायला हात उगारला, तर त्याने नुसतं ढकललं. कपाटाचं दार. नाक.

२१ तारीख, हॉस्पिटल
रक्त थांबेचना. मेहुण्याने अंगातला शर्ट काढून माझ्या नाकावर दाबला आणि मला पाठीवर घेऊन तीन जिने उतरला. वाटेत मी त्याला म्हणालो म्हणे, घाबरू नकोस, माफ केलं तुला. डॉक्टर म्हणाले, आणखी अर्धा तास उशीर झाला असता तर... बायको रडत होती. आधी वाटलं, अभिमानाने.

२६ तारीख, घरी
मेहुण्याला म्हटलं, ये, एक ठेवून दे, फिटंफाट. म्हणाला, भाऊजी, पंधरा दिवस तुम्हाला धक्कासुद्धा लावायचा नाही, डॉक्टरांनी बजावलंय.
दुपारी घरात कुणी नव्हतं. त्याचा तो शर्ट बाल्कनीत वाळून पुठ्ठ्यासारखा झाला होता. गार पाण्यात भिजवला. दोनदा धुतला. कॉलर बराच वेळ चोळली. वाळल्यावर इस्त्री करून त्याच्या खुंटीला लावला.